जुनी सागवानी आरामखुर्ची दुरुस्त करायचीय? मग पॉलिशपेपर आधी बाजूला ठेवा

बहुतेक जणांचं काय होतं, गावच्या घराच्या माळ्यावरून लांब हातांची वेताची खुर्ची खाली येते, ती पुसली जाते, आणि त्याच दिवशी कोणीतरी सँडिंग मशीन भाड्याने आणतं. दोन तासात वरचा सगळा काळपटपणा जातो, खाली पिवळं धमक लाकूड दिसतं, सगळे खूष. मग त्यावर डबा आणून पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर देणारं वार्निश) मारतात, आणि दोनेक महिन्यांनी खुर्ची बसल्यावर कुरकुरायला लागते, कारण सांधे कोणी बघितलेच नव्हते. आता ते उघडायचे तर वरचा नवा फिनिश फुटणार. म्हणजे काम दोनदा.

ही चूक आळसाची नाही, क्रमाची आहे. म्हणून खाली क्रमाने लिहितोय. उदाहरण आरामखुर्चीचं घेतलंय कारण तिच्यात सांधे, पॉलिश, वेत सगळंच येतं. कपाट, टेबल, पाळणा असेल तरी क्रम हाच, फक्त वेताच्या जागी ड्रॉवर नाहीतर बिजागऱ्या येतील.

१. आधी फक्त बघा आणि लिहून ठेवा

अवजार हातात न घेता. खुर्ची उजेडात उलटी करा, कारण खरी माहिती खालच्या बाजूला असते. वर कितीही वेळा पॉलिश मारलेलं असो, खाली मूळ लाकूड, मूळ रंग, जुन्या दुरुस्त्या, कोणी ठोकलेले खिळे, सगळं दिसतं. मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वेताची वीण जवळून काढा, भोकं कशी भरलीत तेही दिसलं पाहिजे, ते पुढे लागणार आहे.

मग एक एक पाय हातात धरून हळू हलवा. कुठला सांधा हलतोय, कुठला फक्त आवाज करतोय, कुठे आधीच कोणीतरी लोखंडी पट्टी मारून गप्प केलाय, वहीत लिहा. खुर्ची सपाट ग्रॅनाइटवर ठेवून डुगडुगते का बघा. शहाबादी फरशीवर ही तपासणी करू नका, फरशीच वाकडी असते आणि दोष खुर्चीला लागतो.

लाकूड कुठलं ते इथेच ठरवा. सागवान सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, घासल्यावर ओळखीचा वास. शिसव जड आणि जांभळट-काळपट. कडेला फिकट, जवळजवळ पांढुरकी पट्टी दिसली तर ते झाडाच्या बाहेरच्या बाजूचं कोवळं लाकूड, कीड लागली असेल तर शक्यतो तिथेच असणार.

*थांबा:* खुर्चीवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका आणि हीट गननेही जाळू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल काही सांगता येत नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात नकोच. पेंट रिमूव्हरने ओला काढायचा, मोकळ्या हवेत, जाड रबरी हातमोजे घालून, आणि निघालेला लगदा कागदात गुंडाळून वेगळा टाकायचा.

२. वर कुठला फिनिश आहे ते ओळखा

ही टेस्ट पाच मिनिटांची आहे आणि नव्वद टक्के लोक ती करत नाहीत. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या ठिकाणी, कापसाच्या बोळ्यावर मिथिलेटेड स्पिरिट घ्या आणि अर्धा मिनिट दाबून ठेवा. चिकट झालं, बोळ्यावर तपकिरी रंग उतरला, तर वर लाखेचं पॉलिश आहे. जुन्या खुर्च्यांवर बहुतेक वेळा हेच निघतं. काहीच झालं नाही तर शेजारी एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायचं द्रावण) लावून बघा, विरघळलं तर लॅकर. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर तेलाचा वार्निश नाहीतर नंतर कोणीतरी मारलेला पीयू.

हे का महत्त्वाचं? कारण लाखेचं पॉलिश खरवडून काढायची बऱ्याचदा गरजच नसते, ते स्पिरिटने पुन्हा विरघळतं आणि तिथल्या तिथे नीट बसवता येतं. आणि दुसरं म्हणजे मेणावर किंवा साध्या लाखेवर पीयू टिकत नाही. साध्या लाखेतही नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे वरचा थर काही महिन्यांनी पापुद्र्यासारखा सुटतो, मग लोक कंपनीला शिव्या घालतात.

३. स्वच्छता, पण धुणं नाही

अंगणात नेऊन पाइपने पाणी मारणारे लोक मी बघितलेत. कृपया नको. जुने सांधे सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक, पाण्याने मऊ पडतो.

क्रम असा:
- आधी कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम, कोपऱ्यातली जळमटं निघेपर्यंत.
- मग कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, फडकं घट्ट पिळून, एकेक भाग पुसायचा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा.
- वाळल्यावर टर्पेंटाइनने पुसायचं. वर्षानुवर्षं चोळलेलं खोबरेल, रॉकेल, मेण, हातांचा तेलकट मळ यानेच निघतो. फडकं काळंकुट्ट होईल, घाबरू नका.

इथे एकदा थांबून खुर्चीकडे बघा. खूपदा असं होतं की आपण ज्याला खराब पॉलिश म्हणत होतो तो निव्वळ मळ होता, आणि खालचं पॉलिश चांगलं आहे. तसं असेल तर पायरी ६ जवळजवळ गाळता येते.

*कॉस्टिक सोडा नको.* अजून काही ठिकाणी पॉलिश काढायला सोड्याचं पाणी वापरतात. काम झटपट होतं खरं, पण सागवान काळं पडतं, सरस सुटतो, आणि सोडा नीट निघाला नाही तर नवं पॉलिशही खराब होतं.

४. कीड आहे का, आणि जिवंत आहे का

भोकं दिसली म्हणजे कीड आत्ता आहे असं नाही, ती पन्नास वर्षांपूर्वीची पण असू शकतात. खुर्चीखाली काळा कागद पसरा आणि आठ-दहा दिवस हलवू नका. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडली तर कीड जिवंत. वाळवी वेगळी, तिची मातीची नळी दिसते आणि लाकूड आतून पोकळ होतं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, आवाज बदलतो.

जिवंत भुंगेऱ्यांसाठी लाकडासाठीचं कीडनाशक इंजेक्शनच्या सिरिंजने एकेका भोकात भरायचं, गॉगल घालून, कारण एका भोकात घातलेलं दुसऱ्या भोकातून थेट डोळ्यावर उडतं. मग खुर्ची जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाटलीवर लिहिलंय तेवढे दिवस ठेवायची. पॉलिश असलेल्या भागावरून औषध आत जात नाही, त्यामुळे वरून नुसतं फवारून समाधान मानू नका. सांध्यांच्या आतल्या तोंडांना औषध लागू देऊ नका, तिथे पुढे डिंक लावायचाय.

मे महिन्याच्या उन्हात ठेवून कीड मारण्याचा उपाय घरोघरी सांगतात. कीड आत खोल असते, तिथपर्यंत उष्णता पोचायच्या आधी वरचं लाकूड तडकतं.

५. सांधे: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

खुर्ची म्हणजे सांधे. बाकी सगळं वरवरचं. जो सांधा हलत नाही, आवाज करत नाही, त्याला हात लावू नका. पण जो हलतोय तो पूर्ण उघडायचा. सैल सांध्यात बाहेरून फेविकॉल ओतायचा प्रकार मला अजिबात मान्य नाही. तो डिंक जुन्या सरसाच्या थरावर बसतो, लाकडाला लागतच नाही, आणि पुढच्या माणसाचं काम दुप्पट करून ठेवतो.

५.१ उघडणं

वेत खराबच झालेलं असेल तर आधी कापून काढा, त्याच्या ताणामुळे चौकट सुटत नाही. चांगलं असेल तर त्या चौकटीचे सांधे शक्यतो उघडूच नका.

सांध्यावर आरपार लाकडी किंवा बांबूची खुंटी आहे का ते शोधा, बारीक गोल टिकलीसारखी दिसते. ती काढल्याशिवाय सांधा ओढला तर कुसू, म्हणजे भोकात जाणारा तो चौकोनी दांडा, आतच मोडतो. खुंटी बारीक बाजूकडून पंचने ठोकून बाहेर काढायची. ठोकूनही येत नसेल तर ड्रिलने पोखरा. खिळे असतील तर त्यांचाही आधी निकाल लावा.

प्रत्येक तुकड्यावर मास्किंग टेप लावून नंबर लिहा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना तोच नंबर. चारही पाय सारखे दिसतात पण सारखे नसतात, हाताने केलेलं काम आहे.

मग रबरी हातोडी किंवा लाकडी मोगरी, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोके. येत नसेल तर सिरिंजने सांध्यात गरम पाणी आणि थोडं व्हिनेगर सोडा, अर्धा तास थांबा, परत ठोका. सरस असेल तर सुटतो. आतून पांढरं, रबरासारखं काहीतरी निघालं तर तो आधीच्या कोणाचा तरी फेविकॉल आहे, तो गरम पाण्याने मऊ करून पटाशीने खरवडावा लागतो.

५.२ साफ करणं आणि भरणं

कुसू आणि भोक दोन्हीवरचा जुना डिंक पूर्ण काढा, पण लाकूड न काढता. धारदार पटाशी आडवी धरून खरवडायची, कानस मारत बसायचं नाही. दर वेळी थोडं थोडं लाकूड गेलं तर सांधा आणखी सैल होणार ना.

कोरडंच बसवून बघा. हाताच्या जोराने बसावं, हातोडी लागू नये, आणि सोडल्यावर गळून पडू नये. सैल असेल तर कुसूच्या गालावर सागवानाची पातळ चपटी चिकटवा, वाळू द्या, मग पटाशीने मापात आणा. भुसा आणि फेविकॉल कालवून भोक भरणं ही दुरुस्ती नाही, त्या लगद्याला ताकद नसते.

कुसू मोडलंच असेल तर बुडापासून सपाट कापा, तिथे नवं भोक पाडा आणि दोन्ही भोकात जाणारा वेगळा तुकडा करून बसवा. तो तुकडा जुन्या सागाचाच घ्या, जुन्या दार-खिडक्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडे छोटे तुकडे स्वस्तात मिळतात.

५.३ चिकटवणं

सागवानात नैसर्गिक तेल असतं. ताजं कापलेलं तोंड असेल तर डिंक लावायच्या आधी थिनरने पुसून वाळू द्या. डिंक दोन्ही बाजूंना पातळ. मी घरच्या वापराच्या खुर्चीला साधा फेविकॉल वापरायला नाही म्हणत नाही, पण खरोखर जुनी, कोरीव, चांगली वस्तू असेल तर सरसच वापरा. तो रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा आणि भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत गरम करायचा. उकळला की गेला. सरसाचा फायदा हा की पन्नास वर्षांनी कोणाला परत उघडायचं असेल तर उघडेल. इपॉक्सी मात्र सांध्यात कधीच नको.

आधी दोन्ही बाजूच्या चौकटी, त्या वाळल्यावर मधल्या आडव्या पट्ट्या. सगळं एकदम चिकटवायला गेलात तर चौथ्या सांध्यापर्यंत पहिला आवळायला लागलेला असतो आणि धांदल उडते. शिकंजे (क्लॅम्प) कमी असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ताणून गुंडाळा, गोल आणि वाकड्या भागांना त्या शिकंज्यापेक्षा भारी पडतात. किंवा सुती दोरीचे दोन वेढे आणि मध्ये काठी घालून पीळ.

*तपासा:* पीळ देऊन झाला की लगेच दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने थोडं दाबा. आणि चारही पाय ग्रॅनाइटवर टेकतायत का तेही आत्ताच बघा, उद्या नाही. उद्या मग लोक पाय कापायला घेतात, हा कापला की तो लांब, असं करत खुर्ची चौरंगाच्या उंचीला येते.

बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने फासू नका. अर्धा-पाऊण तास थांबा, जेलीसारखा झाला की पटाशीने उचला. २४ तास हात लावायचा नाही.

६. आता पॉलिशपेपर, आणि तोही कमीच

जुन्या लाकडाचा वरचा थर, तो उन्हाने-हाताने आलेला रंग, परत तयार करता येत नाही. म्हणून मशीन नको. हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, १८० नंबरच्या पेपरपासून सुरू करून २२० आणि शेवटी ३२०. खालच्या नंबरचा पेपर फक्त नवीन बसवलेल्या तुकड्यांना. रेषेच्या आडवा घासलेला एक ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, पॉलिशचा पहिला हात मारला की ठळक उठून येतो.

कपाट किंवा टेबल असेल आणि वर व्हेनिअर (चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर जास्तच जपा, कडेला घासून आरपार गेलात तर परतीचा रस्ता नाही. हातांच्या पुढच्या गोलाईवरची झीज, कोपऱ्यांची गोलाई राहू द्या. ती घासून धारदार केली की खुर्ची कालच दुकानातून आणल्यासारखी दिसते, मग जुनी कशाला ठेवायची?

लोखंडी खिळ्याभोवतीचे काळे डाग घासून जात नाहीत, खोल असतात. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम, ब्रशने फक्त डागावर. नंतर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसायचं. हे विषारी आहे, हातमोजे हवेतच, आणि नीट न पुसता वर पेपर मारला तर ती धूळ नाकात जाते. साग घासताना एरवीही मास्क लावा, त्याच्या भुशाने काहींना खाज आणि शिंका येतात.

*तपासा:* सगळं लाकूड टर्पेंटाइनने एकदा ओलं करा आणि तिरक्या उजेडात बघा. ओलं असताना जवळपास पॉलिशनंतरचाच रंग दिसतो. जिथे डिंक राहिलाय तिथे फिकट ठिपके दिसतील, ते आत्ताच खरवडा.

७. लांबी (फटी भरायचा लगदा) भरणं आणि रंग जुळवणं

बारीक भोकं आणि फटी भरायला खडूच्या पावडरीत गेरू, पिवडी, चिमूटभर काजळी घालून लाखेच्या पातळ पॉलिशमध्ये (कृती पायरी ८ मध्ये) कालवा. रंग किंचित गडद ठेवा, लाकूड काळानुसार गडद होतं आणि फिकट लांबी डोळ्यात खुपते. नुसत्या खडूची लांबी काही महिन्यांनी रेषांमधून पांढरी दिसायला लागते. नव्या तुकड्याचा रंग मात्र एका हातात जुळवायला जाऊ नका, पॉलिशच्या थरांमध्ये थोडा थोडा रंग घालून जुळवत न्यायचा.

८. लाखेचं पॉलिश

पावसाळ्यात हे काम काढू नका. हवेत दमटपणा असला की स्पिरिट उडताना ओल पकडतं आणि पॉलिश दुधी होतं. कोकणात असाल तर दिवाळीच्या आसपास सुरू करा.

२५० मिली स्पिरिटला ५० ग्रॅम चपडी लाख, काचेच्या बाटलीत, रात्रभर. लोखंडी डब्यात नको, रंग काळवंडतो. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. ही झाली घट्ट पॉलिश, वापरताना तेवढंच स्पिरिट घालून पातळ करायची. बाटलीवर तारीख टाका. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर काचेवर थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशी नखाला चिकट लागला तर फेकून द्या, ती कधीच कडक होणार नाही.

१. पहिले दोन हात ब्रशने, पातळ, मध्ये तासभर.
२. ३२० च्या झिजलेल्या पेपरने हलकं घासून धूळ पुसा.
३. मग बोळा: आत कापूस, बाहेर जुन्या धोतराचं धुतलेलं सुती कापड, सुरकुती नको. पॉलिश आतल्या कापसाला पाजायचं, कापडावर ओतायचं नाही. दाबल्यावर ओल दिसावी, थेंब पडू नये.
४. बोळा लाकडावर टेकताना आणि उचलताना चालता हवा. मध्येच थांबलात तर तो खालचा थर विरघळवून चिकटतो आणि कापडाचा ठसा उमटतो. तसं झालंच तर लगेच सारवासारव करू नका, रात्रभर सोडा, सकाळी घासा.
५. दिवसाला तीन-चार हात पुरे.

चकाकी किती ठेवायची हा आवडीचा प्रश्न, पण आरामखुर्चीला आरशासारखी चकाकी शोभत नाही असं मला वाटतं. शेवटी अगदी बारीक स्टील वूलने हलकं घासून मेण लावलं की हाताला मऊ लागते. हाताच्या पट्टीवर चहाचा कप ठेवायची सवय असेल तर लक्षात ठेवा, गरम कपाने लाखेवर पांढरी गोल खूण उठते. ती स्पिरिट जेमतेम लागलेल्या फडक्याने, एकाच दिशेने, झटक्यात पुसून जाते.

*थांबा:* जवसाचं तेल वापरलं असेल तर ती फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

९. पितळी सामान आणि स्क्रू

बिजागऱ्या, कड्या, फिरत्या हातांचे स्क्रू पॉलिशच्या आधी काढलेले असले पाहिजेत. पितांबरी किंवा चिंच लाकडापासून लांब नेऊनच लावा, नाहीतर कडेला पांढरी पूड बसते ती जन्मात निघत नाही. पितळी स्क्रू परत बसवताना आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत-बाहेर करून वाट मोकळी करा, मग पितळी स्क्रूला साबण लावून बसवा. सागात पितळी स्क्रू थेट पिळला की मान मोडते.

१०. वेत सगळ्यात शेवटी

वेत विणून मग पॉलिश करायची चूक फार कॉमन आहे. पॉलिश वेताच्या भोकात साचतं, वेत कडक होऊन तुटतं. आणि विणलेलं वेत वाळताना चौकट आत ओढतं, त्यामुळे सांधे पूर्ण पक्के झाल्याशिवाय विणायला देऊच नका.

चौकटीला भोकं असतील तर हाताने विणायचं. बाजारातली तयार जाळी बसवायला चर लागते, आणि त्यासाठी जुन्या चौकटीत चर पाडणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा. भोकांतली जुनी वेताची टोकं खिळ्याने साफ करून द्या, एखादं बुजलेलं राहिलं की वीण तिरकी जाते. वीण म्हणजे दोन उभे, दोन आडवे आणि दोन तिरके पदर, शेवटी कडेची पट्टी. वेत कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवायचं, चकचकीत बाजू वर. स्वतः पहिल्यांदा करत असाल तर आधी एखाद्या स्टुलावर हात बसवा. नाहीतर अंध कारागिरांच्या संस्थांमध्ये विचारा, हे काम तिथे अनेक ठिकाणी होतं आणि उत्तम होतं.

वीण अख्खी आहे पण झोळ आलाय, तर नवीन करायची गरज नाही. खालच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने चांगली ओली करा आणि वाऱ्यावर वाळू द्या, ताणून बसते. नवीन विणलेल्या खुर्चीवर मात्र दोन दिवस कोणालाही बसू देऊ नका, मांजरालासुद्धा.

आणि हो, परदेशातल्या मुलाकडे खुर्ची पाठवायचा विचार असेल तर पॅकिंगच्या आधी कागदपत्रं बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तू येतात, अशी शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शिसवी असेल तर २०१७ पासून त्या लाकडावर सायटीसचे, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराचे, नियमही आहेत. सागवानाला ती सायटीसची भानगड नाही, वयाचा प्रश्न मात्र उरतोच.